काकांच्या ३८६ वरून फायली काढताना

काकांच्या जुन्या कॉम्प्युटरवरच्या मराठी फायली कशा काढायच्या, हे ज्याला विचारावं तो एकच सल्ला देत होता: हार्ड डिस्क काढ, यूएसबीच्या डबीत घाल आणि वाच. कराडला जाऊन काकांच्या ३८६ चं, म्हणजे त्या जुन्या डॉसवाल्या पीसीचं, झाकण काढलं आणि तो सल्ला तिथेच बाद झाला. आत सीगेटची एसटी-२५१ होती. सव्वापाच इंची, जाडजूड, ४२ एमबीची. ही नंतरच्या पीसींत सर्रास आलेल्या आयडीई जातीची नव्हे, तिच्याही आधीच्या एमएफएम जातीची. तिला दोन पट्ट्या लागतात, एक ३४ तारांची आणि एक २० तारांची, आणि त्या दोन्ही स्लॉटमध्ये खोचलेल्या वेगळ्या कंट्रोलर कार्डात जातात. डिस्क नुसती फिरते आणि तबकड्यांवरच्या चुंबकीय खुणा जशाच्या तशा बाहेर पाठवते. त्यांचे बिट कसे करायचे ते कार्डाला ठाऊक. बाजारातल्या डबीला या पट्ट्या बसतच नाहीत. शिवाय या डिस्क बरीच वर्षं पडून राहिल्या की आतली हेड तबकडीला चिकटतात, हेही वाचलेलं होतं. चालू आहे तिथेच चालू द्यावी आणि मशीन न हलवता जेवढं निघेल तेवढं काढून घ्यावं, असं मी ठरवलं.

फ्लॉपीचा मार्गही नव्हता. काकांच्या कपाटात सव्वापाच इंची फ्लॉपींचे डबे आहेत, पण कराडच्या पावसाळ्यांनी बहुतेकांवर बुरशीची पांढरी नक्षी काढलीय. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की ती तर वाचली जात नाहीच, ड्राइव्हचं हेडही माखून निघतं आणि पुढची चांगली फ्लॉपीसुद्धा बिघडते. आणि समजा एखादी वाचली, तरी सव्वापाच इंची ड्राइव्ह असलेलं दुसरं मशीन आणायचं कुठून?

काढायचं होतं ते काकांच्या साप्ताहिकाचं मॅटर. १९९२ पासून २००३ पर्यंत दर आठवड्याचा अंक त्यांनी याच मशीनवर टाइप केला. मशीनमध्ये जिस्ट कार्ड आहे. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं हे तंत्र. कार्ड बसवलं की साध्या डॉसवर, कुठल्याही टेक्स्ट प्रोग्रॅममध्ये, थेट देवनागरी दिसायची. काका अजूनही त्यावरच्या इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळरचनेशिवाय दुसरा कीबोर्ड मानत नाहीत. छापील अंकांच्या फायली घरात आहेत, पण त्यातल्या काहींना वाळवी लागली. म्हणून हा खटाटोप.

मशीनला बाहेरून जोडायचा एक मोडेमही होता, म्हणजे फोनच्या लाइनवरून फायली पाठवायची डबी. १४,४०० चा, म्हणजे सेकंदाला तेवढे बिट. त्याचीही एक कथा आहे. आधी काका मॅटरची फ्लॉपी पाकिटात घालून पुण्याच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे आणि प्रेसचा मुलगा स्वारगेटला जाऊन ती घ्यायचा. गाडी चुकली की अंक चुकला. मग प्रेसवाल्यांनीच मोडेम घ्यायला लावला, त्यांच्या माणसाने येऊन सेटिंग करून दिलं, आणि काका रात्री जागून पुण्याला फोन लावू लागले, कारण रात्री उशिरा एसटीडीचा, म्हणजे बाहेरगावच्या फोनचा, दर पाव व्हायचा. प्रेसमध्ये ते मॅटर त्यांच्या फाँटात बदलून पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये ओतत.

माझ्या बाजूला होता २००१ च्या सुमाराचा, विंडोज ९८ वर चालणारा लॅपटॉप. पातळ दिसावा म्हणून त्याच्यातून सिरियल पोर्ट, म्हणजे बाहेरचा मोडेम किंवा दुसरं मशीन जोडायची जुनी जागा, काढून टाकलेला, फ्लॉपीही नाही. पण फोनच्या वायरीचं भोक होतं, म्हणजे आतला मोडेम, आणि बाजूला जादा कार्डं खोचायची पीसीएमसीआयए खाच. त्या खाचेत साध्या अडॅप्टरमधून कॅमेऱ्याचं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड घातलं की विंडोज ९८ ते डिस्क म्हणून ओळखतं, आणि तेच कार्ड माझ्या आजच्या मशीनलाही वाचता येतं. तिथून पुढचा रस्ता मोकळा होता. अडत होतं ते फक्त ३८६ ते लॅपटॉप एवढं दोन हातांचं अंतर.

आता कोणी विचारेल, यूएसबी टू सिरियल अडॅप्टर घेऊन दोन मशीन थेट जोडणारी क्रॉस केबल का नाही लावली? लावता आली असती. ३८६ चा पोर्ट २५ पिनांचा, त्याला साजेशी क्रॉस केबल गावात मिळेना, स्वतः डाग देऊन करायची तर पिनांचा तक्ता बघत बसायचं. मोडेम मात्र पोर्टाला आधीच लावलेला होता आणि काकांच्या म्हणण्यानुसार शेवटपर्यंत चालत होता. आणि खरं सांगायचं तर मला ते करून बघायचंच होतं.

३८६ सुरू करण्यात फार वेळ गेला नाही. मदरबोर्डवरची छोटी बॅटरी पाझरायला लागली होती ती आधी कापून काढली. बॅटरी नाही म्हणजे बायॉसला, मशीन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमला, डिस्क कुठली तेही आठवत नाही, पण पूर्वीच्या इंजिनिअरने झाकणाच्या आतून डिस्कच्या टाइपचा आकडा मार्करने लिहून ठेवला होता. असे इंजिनिअर आता राहिले नाहीत. तो आकडा भरला, डिस्कने घरघर करून जोर धरला आणि काळ्या पडद्यावर पिवळसर अक्षरांत काकांच्या फायलींची यादी आली.

फोनची लाइन मध्ये न घेता दोन मोडेम एकमेकांना जोडता येतात, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. मोडेमला टेलिफोन एक्स्चेंजची गरज फक्त नंबर लावायला आणि घंटी वाजवायला असते. बाकी तो बिटांचे सूर करतो आणि समोरून आलेल्या सुरांचे बिट करतो. ते सूर पुण्याहून आले काय आणि टेबलाच्या दुसऱ्या कडेवरून आले काय, त्याला फरक पडत नाही. मात्र एक्स्चेंज जे न मागता देत असतं ते आपल्याला भरून काढावं लागतं. डायल टोन नसतो, म्हणून मोडेमला त्याची वाट बघू नको असं सांगायचं. घंटी वाजत नाही, म्हणून समोरच्या मोडेमला आपणच फोन उचलायला सांगायचं. आणि लाइनवरचे ४८ व्होल्ट नसतात.

हे तिसरं प्रकरण नडलं. दोन्ही मोडेमच्या लाइनच्या भोकांत एक वायर लावली, लॅपटॉपला फोन लावायला सांगितला, ३८६ ला उचलायला. ३८६ च्या मोडेममधून सूर आला, स्पष्ट, मोठा. लॅपटॉप ठार बहिरा. थोड्या वेळाने त्याने ‘नो कॅरिअर’ असं सांगून फोन ठेवला. जुन्या बाह्य मोडेममध्ये लाइनच्या बाजूला ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला लाइनवर वीज असली-नसली सारखीच. लॅपटॉपमधल्या नंतरच्या मोडेमची लाइनकडची चिप मात्र लाइनच्याच विजेवर चालते. एक्स्चेंजकडून विसेक मिलिअँपिअर मिळाल्याशिवाय ती जागीच होत नाही.

इलाज मला माहीत होता, सामान काकांच्या ओळखीच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळालं: ९ व्होल्टच्या दोन चौकोनी बॅटऱ्या, ३९० ओहमचा एक रेझिस्टर आणि भिंतीवर लावतात ती टेलिफोनची रोझेट. दुकानदाराला वाटलं लँडलाइन परत घेतोय. रोझेट उघडली. फोनच्या वायरीतल्या मधल्या दोन तारांपैकी एक सरळ नेली. दुसरी मध्ये तोडून तिच्यात दोन बॅटऱ्या एकापुढे एक आणि रेझिस्टर असं ओवलं. १८ व्होल्ट, दोन्ही मोडेममध्ये थोडे थोडे पडतात, उरलेले रेझिस्टर सांभाळतो, प्रवाह हवा तेवढ्याच्या आसपास येतो. बॅटरी उलटी लागली तरी चालतं, मोडेम दिशा बघत नाही. एवढंच की ही जुळणी चुकूनही भिंतीतल्या खऱ्या लाइनला लावायची नाही. घंटी वाजताना तिच्यावर ७०-८० व्होल्ट तरी येतात.

मग आम्ही दोघं आपापल्या जागी बसलो. काका ३८६ वर, मी लॅपटॉपवर. लॅपटॉपवर विंडोजबरोबर येणारा हायपरटर्मिनल हा टर्मिनल प्रोग्रॅम, म्हणजे मोडेमला हुकूम द्यायची आणि समोरून येईल ते दाखवायची खिडकी, त्यात नंबर वगैरे न घालता थेट मोडेमच्या पोर्टाला जोडलेलं. काकांकडे त्यांचा जुना टर्मिनल प्रोग्रॅम. मोडेमशी बोलायची भाषा दोन्हीकडे एकच. हेज कंपनीने १९८१ मध्ये आपल्या स्मार्टमोडेमसाठी ती केली आणि पुढे सगळ्यांनी उचलली. प्रत्येक हुकूम ‘एटी’ने सुरू होतो, मोडेमचं लक्ष वेधायला. नुसतं ‘एटी’ टाइप करून एंटर मारलं की ‘ओके’ यायला हवं. आलं.

“आता मी टाकते, एटी एक्स ३ डी,” मी म्हटलं. “एक्स ३ म्हणजे डायल टोनची वाट बघू नको, डी म्हणजे लाव.”

“नंबर?”

“नंबर नाही. समोर तुम्हीच आहात. तुम्ही एटीए टाका, म्हणजे उचल.”

“पुण्याचा तो मुलगा मला कधी एटीए टाकू द्यायचा नाही. आपोआप उचलायचा त्यांचा.”

“घंटी वाजली की आपोआप उचलतो. इथे घंटी कोण वाजवणार, काका? टाका.”

त्यांनी टाकलं. मोडेमवरचा ओएच लिहिलेला दिवा लागला, म्हणजे फोन उचलला. मग तो लांब, एकसुरी, कानाला टोचणारा सूर, २१०० हर्ट्झचा. त्यात अर्ध्या सेकंदापेक्षा जरा कमी अंतराने हलकासा झटका जाणवतो. लांबच्या लाइनवर बसवलेली प्रतिध्वनी मारणारी यंत्रं बंद पाडायला तो असतो. आमच्या लाइनवर असलं काही नव्हतं, पण मोडेमला कोण सांगणार. मग लॅपटॉपकडून १८०० चा सूर गेला, उत्तरादाखल ६०० आणि ३००० चे मिसळलेले दोन सूर आले आणि मग खरखर. ती खरखर ऐकून मला नेहमी वाटायचं की काहीतरी बिघडतंय. प्रत्यक्षात सगळ्यात हुशारीचं काम तिथेच चालतं: एकाच वायरीवरून दोघं एकाच वेळी, एकाच पट्टीत बोलणार असतात, म्हणून आपलाच परत येणारा आवाज किती आणि तो कसा वजा करायचा हे दोघं आधी मोजून घेतात. सीडीचा, म्हणजे समोरचा मोडेम सापडल्याचा, दिवा लागला, स्पीकर बंद झाला आणि दोन्ही पडद्यांवर ‘कनेक्ट’ आलं. माझ्या बाजूला पुढे १४४०० लिहिलेलं.

लॅपटॉपच्या मोडेमची जाहिरात ५६ हजारांची होती. तो आकडा फक्त तेव्हा मिळतो जेव्हा समोरचं टोक टेलिफोन कंपनीच्या डिजिटल यंत्रणेला थेट जोडलेलं असतं, म्हणजे इंटरनेट देणाऱ्याकडे. दोन घरगुती मोडेम एकमेकांशी बोलले तर फार तर ३३,६००, आणि इथे तर जुना जेवढ्यावर अडतो तेवढंच.

काकांनी आधी ‘नमस्कार’ टाइप केलं. जिस्ट कार्ड मराठीवर होतं. माझ्या पडद्यावर कचरा उमटला. मग इंग्रजीत नाव टाइप केलं तर त्यातलीही काही अक्षरं बरोबर, काही भलतीच. हे ओळखीचं लक्षण. काकांच्या टर्मिनल प्रोग्रॅमच्या खालच्या पट्टीत बघितलं: सात बिट, इव्हन पॅरिटी. माझा आठ बिट, पॅरिटी नाही. एक टोक आठव्या बिटात पडताळणीची खूण पाठवतंय आणि दुसरं त्याला अक्षराचा भाग समजतंय. आधी मीच सातवर आले, कारण काकांचं चालू सेटिंग हात न लावता बघायचं होतं. इंग्रजी नीट आलं. मराठी फाइल सरळ ओतायला सांगितली तेव्हा जे आलं ते मात्र बघण्यासारखं होतं. पहिल्याच ओळीत गावाचं नाव असायला हवं होतं, त्या जागी होतं: ३, मग ओ, मग झेड, मग प्रश्नचिन्ह.

मी ते कागदावर मांडलं. जिस्टमध्ये मराठी अक्षरं ज्या संकेतात राहतात तो इस्की. १९९१ मध्ये तो भारतीय मानक म्हणून आला. त्यात इंग्रजी अक्षरं १२८ च्या खाली जशीच्या तशी आणि आपली सगळी वर्णमाला १२८ च्या वर. क म्हणजे १७९. आठवा बिट गेला की त्यातून १२८ वजा होतात, उरतात ५१, आणि ५१ म्हणजे आकडा ३. र २०७, उरतात ७९, म्हणजे ओ. काना २१८, उरतात ९०, झेड. ड १९१, उरतात ६३, प्रश्नचिन्ह. कराड. काकांनी चष्मा वर करून तो कागद दोनदा वाचला.

“मग इतकी वर्षं पुण्याला मॅटर कसं गेलं?”

हाच प्रश्न मलाही पडला होता. उत्तर त्यांच्याच वहीत होतं. प्रेसच्या माणसाने लिहून दिलेल्या पायऱ्यांत फाइल पाठवायची ती ‘करमिट’ने. करमिट १९८१ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जन्मला, तिथल्या नाना तऱ्हेच्या मशीनमध्ये फायली हलवायला, आणि त्यातल्या कित्येक मशीनना सातच बिट झेपायचे. त्यामुळे करमिटला ही अडचण आधीपासून ठाऊक. लाइन सात बिटांची आहे असं दिसलं की आठवा बिट असलेल्या प्रत्येक अक्षराआधी तो एक खुणेचं अक्षर घालतो, इंग्रजीतलं ते ‘अँड’चं चिन्ह, समोरचा करमिट ते चिन्ह काढून आठवा बिट परत बसवतो. मॅटर सुखरूप पोचतं. फक्त प्रत्येक मराठी अक्षरामागे दोन अक्षरं जातात. मोकळ्या जागा आणि ओळींचे शेवट सोडले तर फाइल जवळजवळ दुप्पट होते.

“म्हणजे दुप्पट एसटीडी?”

“जवळजवळ.”

“इंग्रजीत पेपर काढला असता तर निम्म्यात भागलं असतं म्हण की.” मग जरा थांबून, “आणि तो सेटिंगवाला चहा पिऊन गेला होता आपल्याकडे.”

त्या माणसाची बाजू घ्यायची तर सात-इव्हन हे तेव्हा बऱ्याच ठिकाणी चालणारं सेटिंग होतं, काम होत होतं, कोण कशाला उघडून बघतो. मी दोन्हीकडे आठ बिट, पॅरिटी नाही, असं केलं. फाइल परत ओतली. माझ्या पडद्यावर आता डोक्यावर खुणा असलेल्या रोमन अक्षरांचा आणि रेघांचा गिचमिडा आला, पण त्या गिचमिडीत आठवा बिट शाबूत होता. विंडोज ९८ ला इस्की कळत नाही म्हणून ते तसं दिसतं, एवढंच.

मग खरं पाठवणं. काकांचा प्रोग्रॅम जुना, त्यात फायली पाठवायच्या पद्धतींपैकी एक्समोडेम आणि करमिट होते, नंतरचा झेडमोडेम नव्हता. एक्समोडेम वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी १९७७ मध्ये केला. फाइलचे १२८-१२८ बाइटांचे तुकडे, प्रत्येक तुकड्यामागे बेरजेचा आकडा, आणि समोरून ‘मिळालं’ असं आल्याशिवाय पुढचा तुकडा नाही. स्लॅबच्या कामावर एक पाटी वर पोचली अशी हाक आल्याशिवाय दुसरी उचलायचीच नाही, असं ठरवलं तर काम जितकं चालेल तितकंच हे चालतं. शिवाय फाइलचं नाव जात नाही, आणि शेवटचा तुकडा भरायला मागे भरताड लावलं जातं. शेकडो छोट्या फायली अशा काढायच्या म्हणजे शिक्षाच.

म्हणून एक्समोडेमने एकच काम करून घेतलं, तेही उलट्या दिशेने. चक फोर्सबर्ग यांनी झेडमोडेमसाठी लिहिलेला डीएसझेड हा छोटा डॉसचा प्रोग्रॅम मी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डावर आणून ठेवला होता, आणि सोबत फायली दाबून एकत्र बांधणारा पीकेझिप. ते दोन्ही लॅपटॉपवरून ३८६ वर पाठवले. एक्समोडेममध्ये सुरुवात घेणारा करतो. मी पाठव म्हटलं तरी लॅपटॉप गप्पच, आणि काकांनी पेज-डाउन दाबून ‘घे’ म्हटल्यावर मगच तुकड्यांचे आकडे हलायला लागले. त्या प्रोग्रॅममध्ये पेज-अप म्हणजे पाठवा, पेज-डाउन म्हणजे घ्या. काकांना फक्त पेज-अपची सवय. त्या मशीनने बाहेरून फाइल घेतली ती बहुधा पहिल्यांदाच.

पुढचं झरझर झालं. एकेका वर्षाच्या फायली एका झिपमध्ये बांधायला लावल्या. मूळ मॅटर दहा एमबीच्या आत, बांधल्यावर तीनच्या आसपास; मराठी मजकूर चांगला दबतो. १४,४०० वर सेकंदाला दीड हजार बाइटांच्या वर जातात, म्हणजे तीन एमबीला अर्धा तास धरा. न दबवता दुपार गेली असती. जोडणी न तोडता टर्मिनल प्रोग्रॅममधून डॉसवर यायची सोय होती, तिथून डीएसझेडला सांगितलं, पाठव. माझ्या पडद्यावर आपोआप ‘आरझेड’ अशी दोन अक्षरं आली, त्यामागे दोन फुल्या आणि शून्यांची ओळ, आणि हायपरटर्मिनलने ती ओळखून स्वतःच घ्यायची खिडकी उघडली. फाइलचं नाव आलं, आकार आला. झेडमोडेम १९८६ चा. टेलेनेट या अमेरिकेतल्या नेटवर्कसाठी फोर्सबर्ग यांनी तो केला. तिथे लांबून ‘मिळालं’ येईपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं, म्हणून हा थांबतच नाही. पाठवत राहतो, आणि समोरून चूक झाल्याची तक्रार आली तरच त्या जागेवर मागे जातो. पडताळणीही नुसत्या बेरजेची नाही, ३२ बिटांच्या सीआरसी या जास्त कडक हिशोबाची.

१९९५ चं झिप अर्ध्यावर असताना लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू, ३८६ आणि त्याचा मोडेम बंद. मला झिपची काळजी नव्हती. झेडमोडेमने अर्धी फाइल ठेवलेली असते आणि पुन्हा सुरू केलं की तो समोरच्याला सांगतो, माझ्याकडे इथपर्यंत आहे, पुढचं दे. काळजी डिस्कची होती. तापलेली, फिरती डिस्क अशी अचानक थांबली की परत उठेल का नाही याचा भरवसा नाही. लाइट आल्यावर काकांनी लगेच बटण दाबायला हात नेला तो मी धरला. दिवा दोनदा मिचकून स्थिर झाल्यावरच दाबू दिला. डिस्क उठली. पुन्हा एटी एक्स ३ डी, पुन्हा एटीए, तेच सूर. यावेळी काकांनी मला विचारलं नाही. झिप जिथे थांबलं होतं त्याच आकड्यावरून पुढे निघालं.

अडलं ते १९९६ ला, आणि त्यात मोडेमचा दोष नव्हता. झिप बांधतानाच डॉसने तो जुना प्रश्न विचारला: अबॉर्ट, रिट्राय, फेल? रिट्राय दाबत राहिले तेव्हा डिस्क कण्हल्यासारखी आवाज करत तेवढाच भाग पुन्हा पुन्हा वाचायला बघत होती. त्या भागातल्या काही आठवड्यांच्या फायली सोडून बाकीचं वर्ष बांधलं आणि आणलं. सगळी झिपं लॅपटॉपवर तपासून घेतली, एकाही सीआरसीत फरक नाही. मग तीन अधिक चिन्हं, एक सेकंदाचा थांबा, एटीएच, आणि फोन ठेवला. बॅटऱ्या रोझेटमधून काढून ठेवल्या, नाहीतर उगाच उतरतात.

पुण्याला येऊन इस्कीचं युनिकोड केलं ते तुलनेने सोपं गेलं. युनिकोडचा देवनागरी तक्ता मुळात इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरच बेतलेला आहे, त्यामुळे बहुतेक ठिकाणी या आकड्याला तो आकडा एवढंच करायचं होतं. पहिली वेलांटीसुद्धा इस्कीत व्यंजनानंतरच येते, युनिकोडसारखी. ज्यांच्या जुन्या फायली त्या काळच्या फाँटांत अडकल्यात, जिथे वेलांटी आधी, अर्धा क वेगळा आणि अनुस्वारासह रफार तिसराच, त्यांचे हाल मी बघितलेत. काकांनी जिस्ट घेतलं हे माझं नशीब. एकदोन जागी हात घालावा लागला. इस्कीत एकापुढे एक दोन हलन्त आले तर त्याचा अर्थ जोडाक्षर न करता पाय मोडून दाखव, त्याचं वेगळं करावं लागतं. आणि दऱ्या, वाऱ्यावर, शेतकऱ्यांना यातला चंद्रकोरीसारखा र. इस्कीत त्याला स्वतंत्र आकडा आहे, पण काकांनी काही वर्षं साधा र वापरून तो साधला होता, काही वर्षं खरा. शेतकऱ्यांचा उल्लेख नसलेला अंक त्यांनी काढलेला नाही, त्यामुळे ही दुरुस्ती पानोपानी करावी लागली.

हरवलेल्या आठवड्यांचे छापील अंक सापडले, वाळवीने कडा खाल्लेल्या, पण मजकूर वाचता येतो. स्कॅन करून पाठवा, मी इथे टाइप करून घेते, असं मी काकांना म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. त्यांच्या हाताला दुसरा कीबोर्ड चालत नाही म्हणून ते ३८६ वरच टाइप करत बसलेत, डिस्कच्या चांगल्या भागात, रोज संध्याकाळी एक पान. म्हणजे दिवाळीत पुन्हा रोझेट आणि बॅटऱ्या घेऊन जाणं आलं. यावेळी एटी एक्स ३ डी मी नाही, ते टाकणार म्हणतात. मी फोन उचलायचा.